संत अन्सेल्म यांचं चरित्र अर्ध्या तासात कसं सांगायचं

आमच्याकडे वसईत सणाच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळची तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, झाली की कुणीतरी उभं राहून एखाद्या संताचं चरित्र सांगतं, कधी चर्चच्या आवारात, कधी कुणाच्या खळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. मी बरीच वर्षं धर्मशिक्षणाच्या मुलांना शिकवतेय त्यामुळे हे काम फिरून फिरून माझ्याकडे येतं. यंदा दोन-तीन गावांतल्या मुलींनी विचारलं की ताई आम्हाला अन्सेल्म दिलेत, ते कोण, त्यांच्यावर अर्धा तास काय बोलायचं. फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. थोडक्यात, अन्सेल्म म्हणजे आधी बेक मठाचे मठाधिपती आणि मग इंग्लंडात कँटरबरीचे आर्चबिशप झालेले अकराव्या शतकातले संत.

पहिली गोष्ट तारखेची. त्यांचा सण २१ एप्रिलला असतो पण कॅलेंडर आधी बघा, कारण ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा किंवा नंतरचा पुनरुत्थानाचा आठवडा त्या तारखेवर आला तर त्या वर्षी सण पाळत नाहीत. फादरांना विचारून दिवस पक्का करा आणि मगच तयारीला लागा.

आता मुख्य मुद्दा. मठाधिपती आणि बिशप अशी दोन पदं असलेल्या माणसाचं चरित्र सांगताना सगळे एकाच खड्ड्यात पडतात, मीपण पडले होते. जन्म १०३३, साधू १०६०, मठाधिपती १०७८, आर्चबिशप १०९३, मृत्यू ११०९, संपलं. नोकरीच्या अर्जाला जोडतात तसा बायोडाटा. माझ्या पहिल्या वेळी मी सगळ्या तारखा बरोब्बर म्हटल्या, एकही चुकली नाही, आणि समोर बसलेल्या आज्या डुलक्या घेत होत्या, आणि घरी गेल्यावर माझ्याच मुलीने विचारलं की मग तो माणूस कसा होता गं? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून मी अन्सेल्म एकाच प्रसंगावरून सांगते, तो म्हणजे बंद मुठीचा प्रसंग. आधीचं सगळं आयुष्य त्या मुठीपर्यंत आणायचं आणि नंतरचं सगळं त्या मुठीपासून पुढे न्यायचं.

प्रसंग असा. इंग्लंडचा राजा विल्यम रूफस. कँटरबरीचे आर्चबिशप लानफ्रांक १०८९ला वारले, आणि राजाने चार वर्षं त्या जागी कुणाला नेमलंच नाही, कारण जागा रिकामी असली की तिथल्या जमिनींचं उत्पन्न राजाच्या खिशात जायचं. १०९३च्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, राजा ग्लॉस्टर गावी मरणाच्या दारात पडला, घाबरला, आणि म्हणाला अन्सेल्मना आर्चबिशप करा. अन्सेल्म तेव्हा साठीचे, नॉर्मंडीतल्या बेक मठाचे मठाधिपती, दुसऱ्याच कामासाठी इंग्लंडला आलेले. ते नको म्हणाले. बिशपांनी त्यांना ओढत राजाच्या बिछान्यापाशी नेलं. राजाने काठी पुढे केली, म्हणजे बिशपांच्या हातात असते ना ती टोकाला वळलेली मेंढपाळाची काठी, ती. अन्सेल्मनी उजव्या हाताची मूठ आवळली. बिशप लोक एकेक बोट उघडायला लागले, तर्जनी वर केली, ते कळवळले, बोट परत मिटलं. शेवटी त्या बंद मुठीवरच काठी टेकवली, वरून स्वतःच्या हातांनी दाबून धरली, आणि तशाच अवस्थेत त्यांना उचलून गाणी म्हणत चर्चमध्ये नेलं. तारीख ६ मार्च १०९३, उपवासकाळाचा पहिला रविवार.

हे सांगताना स्वतःची मूठ वर धरा. खरंच धरा, लाजू नका. समोरच्या एका मुलाला बोलवा आणि म्हणा उघड बघू. तो एक बोट उघडेल, दुसरं उघडेपर्यंत पहिलं मिटेल. मुलं हसतील, हसू द्या, आणि हसणं थांबल्यावर शांतपणे विचारा की एवढं मोठं पद कुणी द्यायला आलं तर माणूस मूठ का आवळेल? उत्तर देऊ नका. इथून मागे जा, थेट लहानपणात.

मागे जाण्याआधी काळ मात्र डोळ्यासमोर उभा करावा लागतो, नाहीतर लोकांच्या मनात हे सगळं पोर्तुगीजांच्या वेळचं होऊन बसतं. आपल्याकडे चर्च म्हटलं की वसईचा किल्ला, पडक्या भिंती, १५३४ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ला चिमाजी अप्पांनी घेतली, एवढंच डोक्यात असतं. अन्सेल्म त्याच्याही साडेचारशे वर्षं आधीचे. मी असं सांगते: अंबरनाथचं शिवमंदिर बघितलंय ना, शिलाहारांच्या काळातलं, त्याच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी १०६०. त्याच वर्षी तिकडे अन्सेल्म मठात साधू झाले. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९०ला, म्हणजे अन्सेल्म गेल्यावर १८१ वर्षांनी. लगेच लोकांच्या माना हलतात, काळ बसतो. आणि मध्ययुगातल्या बिशपांशी आपल्या किनाऱ्याचा काय संबंध असं कुणी म्हटलं तर त्यांना सोपाऱ्याची गोष्ट सांगा, १३२१ला ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले तेव्हा जोर्दानुस नावाच्या डोमिनिकन साधूंनी त्यांचे देह सोपाऱ्याला आणून पुरले, आणि हेच जोर्दानुस १३२९ला कोल्लमचे बिशप नेमले गेले. नालासोपारा स्टेशनला रोज उतरणाऱ्यांना हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. पण हे दोन मिनिटांतच उरका, गाडी भलतीकडे नेऊ नका.

लहानपण. गाव आओस्ता, आल्प्स पर्वताच्या कुशीत, आजच्या इटलीत. आई एर्मेनबेर्गा, वडील गुंडुल्फ. आई सांगायची वर देव आहे, तो सगळं चालवतो, आणि पोराने चहूकडे डोंगरच बघितलेले, त्याला वाटलं आकाश डोंगरांवर टेकलंय म्हणजे देवाचा वाडा डोंगराच्या माथ्यावरच असणार. एका रात्री स्वप्न पडलं. तो डोंगर चढायला निघालाय, खाली सपाटीवर राजाच्या, म्हणजे देवाच्या, शेतात बायका कापणी करतायत पण आळसात, कशीतरी, त्याला राग आला, म्हणाला राजाला सांगतोच. वर पोचला तर राजा आणि त्याचा कारभारी दोघंच, बाकी सगळे कापणीला गेलेले. राजाने जवळ बसवलं, कोण, कुठला, काय हवं विचारलं, आणि पांढरीशुभ्र भाकर आणायला सांगितली. पोराने राजासमोर बसून खाल्ली. सकाळी उठून सगळ्यांना सांगत सुटला की मी देवाच्या घरची भाकर खाऊन आलो.

इथे एक नियम कायम लक्षात ठेवा: समजावताना आपल्या गावातलं काहीही वापरा, पण गोष्टीतली वस्तू बदलू नका. आमच्या मुलांना पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो, त्याच्यामागून सूर्य येतो, त्यामुळे डोंगरावर देव राहतो हे त्यांना दोन सेकंदात पटतं, ते जरूर सांगा. पण म्हणून आल्प्सच्या पायथ्याशी भातकापणी लावू नका. मी भाकर म्हणते तो आपल्याकडचा जुना शब्द आहे म्हणून, पण ती गव्हाची, ओव्हनमध्ये भाजलेली, पावासारखी होती हेही सांगून टाकते. आणि ही भाकर जपून ठेवा, कारण ती परत येते. आई गेली, वडिलांशी पटेना, विशीतले अन्सेल्म एका नोकराला आणि एका गाढवाला घेऊन आल्प्समधली मों सेनीची खिंड ओलांडायला निघाले. बर्फात दमून पडायची वेळ आली, बर्फ चघळत होते. नोकराने गाढवावरच्या पिशवीत हात घातला, तिथे काही असेल असं वाटत नव्हतं, आणि हाताला लागली पांढरीशुभ्र भाकर. दोन्ही वेळा मी बेकरीतला साधा पाव वर धरून दाखवते, तोच पाव, काही न बोलता. दुसऱ्यांदा धरला की पुढच्या रांगेतली मुलं स्वतःच ओरडतात, स्वप्नातला, स्वप्नातला!

बेक मठात ते आले १०५९ला, लानफ्रांक, तेच पुढचे आर्चबिशप, तिथे शिकवायचे म्हणून. साधू व्हायचं मनात आलं तर हिशोब काय करतात बघा, आणि हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलंय म्हणून सांगायचं: क्लूनी मठात गेलो तर तिथल्या कडक प्रार्थनेत माझी विद्या वाया जाईल, बेकमध्ये राहिलो तर लानफ्रांक एवढे मोठे की मला कोण विचारणार. म्हणजे मूठ आवळणारा माणूस आधी पद-मानाचा हिशोब करणारा होता. हे लपवू नका. संताचं चरित्र म्हणून असली वाक्यं गाळायची सवय असते आपल्याला, आणि मग ऐकणाऱ्याला तो माणूस आपला वाटतच नाही.

मठाधिपती हा शब्द समजावायला पाच मिनिटं ठेवा. आपल्याकडे मठ म्हटलं की वेगळंच चित्र येतं. तो बेनेडिक्टाईन मठ, संत बेनेडिक्टच्या नियमावर चालणारा: दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, हाताने काम, वाचन, स्वतःच्या मालकीचं काही नाही, आणि ज्या मठात शपथ घेतली तिथेच मरेपर्यंत राहायचं. मठाधिपतीला साधूच निवडून देतात, आणि त्याला ते बाप मानतात, त्याच्या आज्ञेत राहतात. बेकचे पहिले मठाधिपती हेर्लुइन, आधी तलवार चालवणारे सरदार होते. ते १०७८ला गेले आणि साधूंनी अन्सेल्मना निवडलं, तर अन्सेल्म रडत जमिनीवर पालथे पडले की मला करू नका, आणि समोरचे सगळे साधू पण जमिनीवर पालथे पडले की व्हाच. म्हणजे ग्लॉस्टरच्या पंधरा वर्षं आधी हे एकदा होऊन गेलंय. फरक एवढाच की बेकमध्ये विनवणारे त्यांची लेकरं होती.

आणि लेकरं म्हणजे काय ते दाखवायला ओस्बर्नचा प्रसंग घ्या, तो कधीच गाळू नका. १०६३ला लानफ्रांक कां नावाच्या गावातल्या मठात गेले आणि अन्सेल्म बेकचे प्रायर झाले, म्हणजे मठाधिपतींच्या खालोखाल. तिशीचाच माणूस, साधू होऊन तीन वर्षं झालेली, जुने साधू चिडले. ओस्बर्न नावाचा एक कोवळा पोरगा, हुशार, पण अन्सेल्मचा पराकोटीचा राग करणारा. अन्सेल्मनी काय केलं, आधी त्याचे सगळे लाड पुरवले, खोड्या सहन केल्या, मठाचा नियम मोडणार नाही इतपत सवलती दिल्या. पोरगा हळूहळू वळला. मग एकेक सवलत काढून घेतली, कडक झाले, आणि आता तो सोसू शकत होता. पुढे तो आजारी पडला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून स्वतःच्या हाताने खाऊपिऊ घातलं. पोरगा गेला. वर्षभर रोज त्याच्यासाठी मिस्सा केली. हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो, येऊ द्या.

त्याला जोडूनच दुसऱ्या एका मठाधिपतीची तक्रार सांगा. ते म्हणाले मठातली पोरं सुधारतच नाहीत हो, आम्ही रात्रंदिवस मारतो तरी आणखीच बिघडतात. अन्सेल्मनी विचारलं, तुम्ही बागेत रोप लावलं आणि चारी बाजूंनी इतकं घट्ट बांधलं की फांदीला हलायला जागा नाही, तर काही वर्षांनी सोडल्यावर कसं झाड निघेल? वाकडंतिकडं, गुंतलेलं, निरुपयोगी. मग सोनाराचं सांगितलं, सोन्याचांदीच्या पत्र्यातून सुंदर मूर्ती काढायची तर तो नुसते घाव घालतो का, की हळूच दाबतो, उचलतो, गोंजारतो? आमच्याकडे प्रत्येक वाडीत कलमं बांधणारे लोक बसलेले असतात, त्यांना रोपाचं सांगायची गरजच नाही, ते स्वतःच पुढचं बोलतात. मला शाळेत असताना पट्टीच्या धारेने बोटांच्या पेरांवर मारायचे, शुद्धलेखनासाठी, आणि अजून ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना माझं मनगट आखडतं. त्यामुळे साडेनऊशे वर्षांपूर्वी एक मोठा माणूस पोरांच्या बाजूने उभा राहिला हे मी जरा जोरातच सांगते आणि पालकांकडे बघून सांगते.

आता त्यांचं तत्त्वज्ञान. इथे घाबरून लोक एकतर सगळं टाळतात नाहीतर दहा मिनिटं असं काही वाचतात की स्वतःलाही कळत नाही. अन्सेल्म ज्यासाठी जगभर शिकवले जातात तो विचार एवढाच धरा: ज्याच्याहून मोठं काही मनातसुद्धा आणता येत नाही तो देव, आणि असा देव नुसता मनातच असला तर प्रत्यक्षात असलेला त्याच्याहून मोठा ठरेल, म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. लगेच पुढचं सांगा, कारण लोकांच्या मनात शंका आलेलीच असते आणि ती शंका त्या काळातच गाउनिलो नावाच्या साधूने काढली होती. तो म्हणाला, समुद्रात कुठेतरी सगळ्यात सुंदर, सगळ्यात संपन्न बेट आहे अशी मी कल्पना केली, तर कल्पना केली म्हणून ते बेट तिथे असेल का? अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहून समोरचं बेट बघणाऱ्या कोळी पोरांना हा मुद्दा मोठमोठ्या प्राध्यापकांपेक्षा लवकर कळतो, मी बघितलंय. अन्सेल्म काय म्हणाले, की बेटाचं वेगळं, बेट कितीही चांगलं असलं तरी ते नसणं मनात आणता येतं, माझं म्हणणं फक्त त्या एकाबद्दल आहे. पण मला उत्तरापेक्षा त्यांनी नंतर केलेलं आवडतं: यापुढे माझ्या पुस्तकाची नक्कल कराल तेव्हा गाउनिलोची टीका आणि माझं उत्तर दोन्ही त्याला जोडून लिहा, असं सांगून ठेवलं. स्वतःच्या पुस्तकात स्वतःवरची टीका.

हा विचार सुचला तेव्हा त्यांनी तो मेणाच्या पाट्यांवर लिहिला होता. एका साधूकडे ठेवायला दिल्या, हरवल्या. परत लिहिलं, दुसऱ्याकडे दिल्या, त्याने बिछान्यापाशी जपून ठेवल्या, सकाळी बघतो तर जमिनीवर चुरा, मेण सगळीकडे उडालेलं. तुकडे गोळा करून कसंबसं वाचलं आणि मग चर्मपत्रावर उतरवून घेतलं.

अशी पाटी तुम्ही करून न्याच, फार खर्चाचं काम नाही आणि मुलं वेडी होतात. सुताराकडून हातभर लाकडाची फळी आणा, कडेला बोटभर जागा सोडून मधला भाग पाव इंच खोल कोरून घ्या, किंवा चारी बाजूंनी पातळ पट्टी ठोका. चर्चमधल्या संपलेल्या मेणबत्त्यांची बुडखी फादरांना विचारून घ्या. गॅसवर थेट वितळवू नका, पेट घेतं, पातेल्यात पाणी उकळून त्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि चिमूटभर काजळी घाला म्हणजे अक्षर उठून दिसतं. फळी सपाट ठेवून ओता आणि हात लावू नका, पूर्ण गार होऊ द्या. खिळ्याने लिहायचं, चमच्याच्या मागच्या बाजूने घासून पुसायचं. एप्रिल आहे हे मात्र विसरू नका, मी एकदा दुपारी स्कूटरच्या डिकीत पाटी ठेवली, संध्याकाळी उघडली तर मेण एका कोपऱ्यात जमा. ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. कार्यक्रमात मुलांना एकेक शब्द लिहायला द्या आणि मग विचारा, आता ही हरवली तर तुझ्याकडे काय उरलं?

आता परत मुठीकडे या. लोकांना आता उत्तर माहीत असतं, त्यांना कळलेलं असतं की हा माणूस पोरांमध्ये, पुस्तकांमध्ये, प्रार्थनेत रमलेला बाप आहे. इथे नांगराचं सांगा. त्या गडबडीत अन्सेल्म बिशपांना म्हणाले, इंग्लंडची ख्रिस्तसभा म्हणजे नांगर, तो ओढणारे दोन बैल म्हणजे राजा आणि कँटरबरीचा आर्चबिशप. त्यातला एक गेला. आता तुम्ही एका माजलेल्या बैलाला आणि म्हाताऱ्या मेंढीला एकाच जुवाला जुंपताय, काय होणार ते कळतंय ना? आमच्या गावात आता पॉवर टिलर आलेत, पण साठीच्या वरच्या प्रत्येकाने जू खांद्यावर ठेवलेलं बघितलंय, त्यांना हे मेंढीचं लगेच दिसतं आणि हळहळतात.

पुढची सोळा वर्षं राजकारणाची आहेत. इथे भरभर चला, नाहीतर नावांच्या जंगलात अडकाल. राजाला मोहिमेसाठी पैसे हवे होते, अन्सेल्मनी ५०० पौंड देऊ केले, राजाला कमी वाटले म्हणून नाकारले, तर अन्सेल्मनी ते गरिबांना वाटून टाकले. १०९५ला रॉकिंगहॅमच्या सभेत बाकीच्या बिशपांनी त्यांना एकटं पाडलं, आणि गर्दीतून एक साधा शिपाई पुढे येऊन गुडघ्यावर बसला आणि म्हणाला बाबा, बायबलमधला ईयोब आठवा, उकिरड्यावर बसून त्याने सैतानाला हरवलं. बिशप पळाले आणि शिपाई आला, एवढंच सांगा, पुरतं. १०९७ला ते पोपना भेटायला देश सोडून निघाले तेव्हा डोव्हरच्या किनाऱ्यावर आधी वाऱ्यासाठी खोळंबले, आणि मग राजाच्या माणसाने सगळ्यांसमोर वाळूत त्यांच्या पिशव्या उघडून झाडाझडती घेतली, पैसे लपवलेत का म्हणून. काही सापडलं नाही. आर्चबिशपांचे कपडे, पुस्तकं किनाऱ्यावर पसरलेली, लोक बघतायत. इथे पाच सेकंद थांबा.

इटलीत रोमच्या उन्हाळ्यातून सुटायला त्यांना डोंगरावरच्या एका खेड्यात नेलं, तिथला मठाधिपती बेकचाच जुना साधू होता. अन्सेल्मना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुन्हा मठातल्यासारखा दिवस सुरू केला आणि देव माणूस का झाला यावरचं आपलं मोठं पुस्तक १०९८ला तिथेच पूर्ण केलं. पोप दुसरे अर्बन यांना त्यांनी विनवलं की मला या पदातून मोकळं करा. पोप नाही म्हणाले. म्हणजे पाच वर्षांनीही मूठ काठी परत करायलाच बघत होती. मठात माणूस कुणाच्या तरी आज्ञेत असतो, आर्चबिशपला आज्ञा कोण देणार, तर त्यांनी पोपकडे आज्ञा देणारा माणूस मागून घेतला, आणि मिळाला तो त्यांचाच सोबती एडमर. पुढच्या पिढीतला इतिहासकार माम्सबरीचा विल्यम लिहितो की एडमरने सांगितल्याशिवाय ते बिछान्यात कूससुद्धा बदलत नसत.

त्या खेड्यात पाण्याची टंचाई होती. विहिरीची जागा अन्सेल्मनी दाखवली, प्रार्थना करून तीनदा जमिनीवर घाव घातला, आणि थोड्याच दिवसांत खडकातून झरा लागला. आपल्याकडे बावखलं, म्हणजे गावातली गोड्या पाण्याची तळी, बुजवून बिल्डिंगी उठतायत आणि मार्चपासून टँकर धावतात, त्यामुळे पाण्याची गोष्ट लोक कान देऊन ऐकतात. पण चमत्कार सांगताना माझी एक पद्धत आहे, तीच वापरा: "एडमर सांगतो" असं म्हणून सुरुवात करायची. खरंखोटं करत बसायचं नाही आणि स्वतःचं मीठमसाला घालायचं नाही.

एडमर कोण हेही सांगा, नाहीतर हे सगळं कुठून आलं असं मुलं विचारतात. कँटरबरीचा इंग्रज साधू, सतत बरोबर असायचा, बघितलेलं लिहून ठेवायचा. अन्सेल्मना कळलं, आधी त्यांनी स्वतः काही चुका दुरुस्त करून दिल्या, आणि काही दिवसांनी बोलावून सांगितलं की सगळं नष्ट कर, माझ्याबद्दल कुणी काही लिहावं एवढी माझी लायकी नाही. एडमर काय करणार? आज्ञा मोडता येत नाही, आणि लिहिलेलं नष्ट करवतही नाही. त्याने सगळं दुसऱ्या पानांवर उतरवून घेतलं आणि मग आधीची पानं नष्ट केली. पुढे स्वतःच लिहून कबूल केलं आणि वाचणाऱ्यांना म्हणाला माझ्यासाठी प्रार्थना करा. मी प्रत्येक वेळी एडमरसाठी एक नमो मरिया म्हणायला लावते, त्याच्यामुळे तर आपण बोलतोय.

रूफस राजा २ ऑगस्ट ११००ला शिकारीत बाण लागून मेला. खबर कळल्यावर अन्सेल्म ढसाढसा रडले, ज्याने पिशव्या उघडायला लावल्या त्याच्यासाठी. मग राजा पहिला हेन्री, त्याच्याशी वाद अंगठी आणि काठीचा, म्हणजे बिशपला या वस्तू राजाने द्यायच्या की नाही. परत तीन वर्षं देशाबाहेर, आणि ११०७ला मिटलं, राजाने अंगठी-काठी देणं सोडलं, बिशपांनी जमिनीपुरती राजाची निष्ठा मानायची. हे समजावताना परत मूठ वर करा, काठी कुणाच्या हातून आली होती ते लोकांना आठवतं आणि सगळा वाद एका मिनिटात कळतो. ११०२च्या वेस्टमिन्स्टरच्या सभेचं एक वाक्य मात्र सोडू नका, माणसांना जनावरांसारखं विकायचा धंदा यापुढे कुणी करायचा नाही असं त्या सभेत ठरलं, आणि सभा अन्सेल्म यांची होती.

शेवट झावळ्यांच्या रविवारपासून सांगा. ते अंथरुणाला खिळलेले, कुणीतरी म्हणालं बाबा, तुम्ही पास्काच्या (ईस्टरच्या) सणाला प्रभूच्या दरबारी असाल असं दिसतंय. ते म्हणाले त्याची इच्छा असेल तर आनंदाने, पण आत्मा कुठून येतो हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय, तो सुटेपर्यंत त्याने ठेवलं तर बरं होईल, कारण मी गेल्यावर तो कुणी सोडवेल की नाही कोण जाणे. बुधवारी, आज्ञा गुरुवारच्या आदल्या पहाटे, त्यांना राखेवर, गोणपाटावर उतरवून ठेवलं आणि ते गेले. २१ एप्रिल ११०९. १७२०ला पोपनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य जाहीर केलं, ते हवं तर सुरुवातीला ओळख करून देताना सांगा, शेवटी नको, राखेनंतर पदवी बरी वाटत नाही.

सशाची गोष्ट मी मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवते, लहान मुलं असतील तर तिच्याशिवाय घरी जाऊ देऊ नका. विंडसरहून हेझ गावाला घोड्यावरून जाताना बरोबरच्या पोरांनी एका सशामागे कुत्रे सोडले, ससा धावत आला आणि थेट अन्सेल्मच्या घोड्याच्या पायांमध्ये शिरला. त्यांनी लगाम खेचला. कुत्रे भोवती गोल फिरतायत, भुंकतायत, लोक हसतायत. अन्सेल्म रडायला लागले, म्हणाले हसताय, त्या बिचाऱ्याला कुठलं हसू? माणूस मरताना त्याच्या जिवाची अशीच गत होते, आणि तो आसरा शोधत असतो. हे सांगून झालं की मोठी माणसं गप्प होतात, पण मुलं लगेच विचारतात आणि न विचारताच सांगून टाकलेलं बरं, कारण माझ्याकडून एकदा राहिलं होतं आणि एक चिमुरडी रात्री झोपलीच नाही: त्यांनी कुत्रे आवरून धरायला लावले, लगाम सैल केला, आणि ससा उड्या मारत आपल्या रानात निघून गेला.